बाटलीतलं पिकअप

पेट्रोल पंपावर ‘झिरो बघून घ्या’ हे वाक्य संपतं न संपतं तोच हल्ली दुसरं वाक्य येतं. कंपनीचा टी-शर्ट घातलेला एक हसतमुख मुलगा हातात छोटीशी बाटली घेऊन खिडकीशी येतो, नंबरप्लेटवर एक नजर टाकतो आणि विचारतो, ‘‘काका, गाडी किती सालची?’’ आपण साल सांगितलं की तो तोंडाने ‘च्यक्’ करतो. दवाखान्यात रिपोर्ट हातात घेतल्यावर डॉक्टरांनी असा आवाज केला असता तर आपण खुर्ची धरली असती. ‘‘इंजेक्टरला कार्बन धरला असणार. ही टाका. पिकअप वाढेल, ॲव्हरेज वाढेल, आवाज कमी येईल.’’ एका दमात तीन वर, तेही तपश्चर्येवाचून.

नव्या गाडीवाल्याला तो फारसा विचारत नाही. त्याला गिऱ्हाईक कळतं. जुन्या गाडीचा मालक हा मुळात आशावादी प्राणी. नसता तर त्याने गाडी केव्हाच विकली असती. पंधरा वर्षं झाली की आरटीओत जाऊन पुन्हा पासिंग करायचं, त्याची पाच हजार फी भरायची, वर पर्यावरण कर, आणि ‘आता तरी काढा ती’ हे घरचं बोलणं वेगळंच. एवढं सोसलेल्या माणसाला चार-पाचशेच्या बाटलीचं काय ओझं? तो टाकतो. आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कुणी विचारलेलं नसताना, सांगतो की गाडीत फरक पडला बुवा.

हा फरक गाडीत किती पडतो आणि मालकात किती, एवढंच मला बघायचंय.

आपला हा विश्वास कार्ब्युरेटरच्या जमान्यातला आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीची मारुती 800 ज्यांनी चालवली, त्यांना ‘कचरा आला’ म्हणजे काय ते सांगायला नको. ऐन घाटात गाडी आचके द्यायची, मिसिंग करायची आणि एखाद्या वळणावर निवांत बंद पडायची. मग मिस्त्री कार्ब्युरेटर खोलायचा, त्यातला बारकासा पितळी जेट काढायचा, एक डोळा मिटून त्याच्या भोकातून आभाळ बघायचा, जेट ओठांत धरून जोरात फुंकायचा, पेट्रोलची चव लागली म्हणून बाजूला थुंकायचा आणि जेट होता तिथे बसवायचा. गाडी एका सेल्फला चालू! कारण आणि परिणाम यांच्यात तेव्हा फक्त एका फुंकरीचं अंतर होतं. ज्या पिढीने हे डोळ्यांनी पाहिलं, ती ‘साफ केली की पळते’ हा सिद्धांत या जन्मी सोडणार नाही. आणि तिच्या गाड्यांपुरता तो खराच होता.

मग 2000 च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर गेला आणि गाड्यांच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरं मिरवू लागली. आता पेट्रोल टाकीतून गाळून, दाबाखाली, इंजेक्टरच्या अगदी बारीक भोकांतून फवाऱ्यासारखं उडतं. फुंकर मारायला जागाच उरली नाही. घाण मात्र उरली, फक्त तिची जात बदलली. गाडी बंद केली तरी इंजिन बराच वेळ तापलेलं असतं. इंजेक्टरच्या तोंडाशी राहिलेलं पेट्रोल तिथल्या तिथे आटतं आणि चिकट थर मागे ठेवतं. घर ते मंडई आणि मंडई ते घर एवढंच जग पाहिलेल्या गाड्यांना हा त्रास जास्त. शिवाय आत हवा घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या पाठीवर काळी खरपुडी धरते. ती खरपुडी थंडीत सकाळी पहिलं पेट्रोल स्वतःच पिऊन बसते, म्हणून गाडी सुरू झाल्यावर पहिली दोन मिनिटं नाराज असते.

इथे बाटलीची बाजू घेतली पाहिजे. तिच्यात खरोखर कामाचं काही असू शकतं. पॉलिइथरअमाइन नावाचं एक रसायन आहे. त्याच्या रेणूचं एक टोक घाणीला चिकटतं आणि उरलेली शेपटी पेट्रोलमध्ये विरघळते. असे असंख्य रेणू टाकीभर पेट्रोलातून जाता जाता थराचा कण-कण ओढून नेतात आणि तो इंजिनात जळून जातो. सावकाश चालणारं काम आहे. एक-दोन टाक्या जाव्या लागतात. पण प्रयोगशाळेत इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह आधी-नंतर पाहिले तर फरक दिसतो, यात शंका नाही. अमेरिकेत तर 1995 पासून पेट्रोलमध्येच थोडं तरी साफ करणारं रसायन घालण्याची सक्ती आहे. म्हणजे गोष्ट थोतांड नाही.

थोतांड असलंच तर ते प्रमाणात. बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचली (त्यासाठी खिशातून चष्मा काढावा लागतो, आणि तेवढ्यात मागचा हॉर्न वाजवतो) तर बऱ्याच ठिकाणी कळतं की आतला मोठा भाग म्हणजे रॉकेलच्या भावकीतलं द्रावण. कामाचं रसायन थोडंसंच. गंमत बघा. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळणं हा आपल्याकडे गुन्हा. रेशनच्या रॉकेलची भेसळ पकडता यावी म्हणून त्याला निळा रंग देतात. आणि इथे रॉकेलचा चुलतभाऊ सुंदर लेबल लावून येतो, तर आपण स्वतः झाकण उघडून त्याला टाकीत सोडतो, वर त्या मुलाला थँक्यू म्हणतो.

माझ्या लहानपणी घरात एरंडेलाची जी प्रतिष्ठा होती, तीच आता या बाटलीची आहे. रविवारी सकाळी नाक दाबून चमचाभर घ्यायचं. पोट बिघडलं असो वा नसो, ‘साफ झालेलं बरं.’ दिवसभर जे काही व्हायचं ते होऊन संध्याकाळी पोर गळपटून कोपऱ्यात बसलं की आजी समाधानाने म्हणायची, ‘‘बघ, कसा शांत झाला.’’ एरंडेलाचं इंजिनाशी नातं तसं जुनंच आहे. पहिल्या महायुद्धातल्या फिरत्या इंजिनांच्या विमानांत वंगण म्हणून एरंडेलच वापरत. ते जळून धुरासकट वैमानिकाच्या तोंडावर यायचं आणि बिचाऱ्याच्या पोटावर त्याचा व्हायचा तो परिणाम व्हायचा, असं सांगतात. इंजिनाला दिलेलं औषध चालकाला लागू पडल्याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही.

आणि या धंद्यातली अतिशयोक्ती काही आजची नाही. 1970 साली अमेरिकेत एका मोठ्या तेल कंपनीने ‘एफ-310’ नावाचं द्रव्य घातलेलं पेट्रोल बाजारात आणलं. जाहिरातीत चक्क अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर. गाडीच्या सायलेन्सरला पारदर्शक फुगा लावलेला; आधीचा फुगा काळाकुट्ट, नंतरचा स्वच्छ. पृथ्वीभोवती फिरून आलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण शंका घेणार? पण तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने घेतली. फुगा काळा निघावा म्हणून इंजिन आधी मुद्दाम खास पेट्रोलवर घाण केलेलं होतं. आणि धुरातले बहुतेक विषारी वायू डोळ्यांना दिसतच नाहीत, तेव्हा स्वच्छ फुगा म्हणजे स्वच्छ धूर नाही. जाहिरात दिशाभूल करणारी ठरली. तरीही ‘आधी’ आणि ‘नंतर’ची जोडचित्रं केसांच्या तेलापासून इंजेक्टरपर्यंत अजून सुखाने नांदताहेत.

आता मुख्य प्रश्न: फरक जाणवतो का? इथे आपली पंचाईत अशी की आपण पेट्रोल लिटरमध्ये भरतच नाही, रुपयांत भरतो. ‘पाचशेचं टाका’, ‘हजाराचं टाका’. टाकी फुल्ल करणारा माणूस आपल्याकडे लग्नाला परगावी निघालेला तरी असतो किंवा त्याचं पेट्रोल कंपनी भरते. आणि फुल्ल केली तरी नोझल टक्कन बंद पडल्यावर मुलगा थांबत नाही. आकडा गोल होईपर्यंत थेंब-थेंब सोडत राहतो. पंचवीस लिटरमध्ये अर्धा लिटर इकडेतिकडे झालं की दोन टक्के तिथेच गेले. त्यात एसी लावला होता की नाही, चाकांत हवा किती होती, सिग्नलला किती वेळ गेला, हे धरा. जुन्या गाडीचं ॲव्हरेज या टाकीचं तेरा आणि पुढच्या टाकीचं पंधरा येणं ही रोजची गोष्ट आहे. या गोंगाटात बाटलीची दोन-तीन टक्क्यांची कुजबुज कुणाला ऐकू यावी?

तरी ती ऐकू येते. कारण बाटली टाकल्यावर माणूस गाडी वेगळी चालवतो. सगळ्यात आधी तो रेडिओ बंद करतो. मग मान थोडी तिरकी करून ऐकू लागतो. गेले कित्येक महिने त्याने इंजिनाचा आवाज ऐकलेलाच नसतो, त्यामुळे आजचा आवाज कमी वाटायला कालचा आठवावा लागत नाही. पाचशे रुपये वाया जाऊ नयेत म्हणून तो पायही हलका ठेवतो, गिअर वेळेवर बदलतो, सिग्नल लांबून दिसला की आधीच ॲक्सिलरेटर सोडतो. ॲव्हरेज वाढवायला ही एवढी वागणूक पुरते. तिला बाटलीची गरज नसते. पण आपल्या पायाचं श्रेय पायाला देईल तो जुन्या गाडीचा मालक कसला! आमच्या शेजारचे काका तर बाटली टाकून मुद्दाम खंबाटकी चढून आले. म्हणाले, तिसऱ्यात चढली, दुसरा टाकावा लागला नाही. काकू शांतपणे म्हणाल्या, ‘‘दर वेळी मागे आम्ही तिघी बहिणी आणि डबे असतात. आज तुम्ही एकटेच होतात.’’

सध्या बाटलीचा खप वाढायला आणखी एक निमित्त मिळालंय, ते इथेनॉलचं. 2025 मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. ज्या गाड्या बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी घडवल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवून घेतल्या, त्यांचं ॲव्हरेज 6 ते 7 टक्के उतरेल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच आहे. आता कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस मोठ्या पेचात सापडतो. गाडी प्यायला लागली म्हणून कुरकुर करावी, तर पिते ते आपल्याच साखर कारखान्याचं. अशा वेळी तो बाटली घेतो. पण जी ऊर्जा पेट्रोलमध्येच नाही, ती साफ केलेल्या इंजेक्टरमधून तरी कुठून यायची? इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्यांना, वॉशरना त्रास देतं. जुन्या गाडीवाल्याने त्या नळ्या एकदा वाकून बघाव्यात, हे जास्त शहाणपणाचं. तसंच शंभर ऑक्टेनचं महागडं पेट्रोल. जुन्या साध्या इंजिनाला त्या जादा ऑक्टेनचा उपयोग शून्य, पण ते भरून पंपाबाहेर पडताना मान मात्र ताठ होते.

माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रीचं या बाबतीतलं शास्त्र मला पटतं. गाडी उठत नाही म्हणून कुणी आलं की तो आधी विचारतो, ‘‘एअर फिल्टर कधी बदललाय?’’ गिऱ्हाईक बायकोकडे बघतं. मग तो फिल्टरचा डबा उघडतो आणि काही न बोलता फिल्टर जमिनीवर आपटतो. सिंहगड रोडची सगळी धूळ फरशीवर पडते, कडेला एखादं वाळकं पान, क्वचित उंदराने आणून ठेवलेला शेंगदाणा. मग प्लग काढतो. टोकं झिजून गोल झालेली. मग हाताने चाक फिरवून बघतो. ब्रेक धरलेला असतो. ‘‘ब्रेक लावून गाडी पळवताय आणि बाटली टाकून पिकअप शोधताय,’’ असं तो म्हणत नाही, पण तोंडावर दिसतं. दहात एखादी गाडी अशी निघते की फिल्टर, प्लग, हवा सगळं ठीक, तरी आयडलिंगला थरथरते. तिला मात्र तो बाटली सांगतो किंवा इंजेक्टर काढून मशिनवर धुऊन देतो. त्या गाडीत फरक पडतो, आणि तो मान तिरकी न करताही कळतो. हल्लीच्या काही नव्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं. ते व्हॉल्व्हच्या पाठीला शिवतच नाही. तिथली खरपुडी बाटलीने निघत नाही. परदेशात ती अक्रोडाच्या टरफलांचा चुरा मारून काढतात. जुनी गाडी निदान या बाबतीत भाग्यवान.

तेव्हा माझं मत विचाराल तर, बाटली विष नाही आणि अमृतही नाही. लेबलवर पॉलिइथरअमाइन लिहिलेलं असेल, तर वर्षातून एखाद वेळ भरल्या टाकीत टाका, ती टाकी लांबच्या रस्त्यावर संपवा आणि विसरून जा. गाडी खरोखर अडखळत असेल तर आधी बॉनेट उघडा. एका बाटलीच्या पैशात साध्या गाडीचे चारही प्लग येतात.