सातव्या आसनाची मीमांसा

आलिशान कौटुंबिक एसयूव्ही घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता अर्थशास्त्राचा वाटत असला, तरी महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या संदर्भात तो मूलतः धर्मशास्त्राचा प्रश्न आहे, कारण त्यात पैशाइतकाच अधिकाराचा, म्हणजे हे कर्म करण्याची पात्रता कोणाला आहे याचाही, विचार करावा लागतो. पूर्वमीमांसेच्या परंपरेत वादग्रस्त मुद्द्याची चर्चा विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती अशा अंगांनी केली जाते आणि अशा चर्चेच्या एका पूर्ण घटकाला अधिकरण म्हणतात. नव्याने बाजारात आलेल्या तीन ओळींच्या गाडीविषयी घराघरांत जे बोलणे होते, ते रात्रीच्या जेवणानंतर आणि उष्ट्या हातांनी होत असले, तरी त्यात ही सर्व अंगे आढळतात. फरक इतकाच की मीमांसक संशयाकडून सिद्धान्ताकडे जातात, आणि कुटुंब सिद्धान्त आधी मनात ठेवून मग त्याला शोभतील असे संशय गोळा करते.

प्रथम विषयाची व्याख्या करणे आवश्यक आहे. जाहिरातीत एसयूव्ही म्हणजे जिच्या मागे डोंगर दिसतो अशी कोणतीही गाडी, परंतु करशास्त्र इतके उदार नाही. केंद्र आणि राज्यांचे मंत्री एकत्र बसून कराचे दर ठरवतात त्या जीएसटी परिषदेने २०२३ साली असे स्पष्ट केले की जिची लांबी चार मीटरपेक्षा अधिक आहे, जिच्या इंजिनाची क्षमता १५०० सीसीपेक्षा अधिक आहे आणि जिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचे पोट आणि रस्ता यांमधील अंतर, किमान १७० मिलिमीटर आहे, अशा गाडीवर २८ टक्के कर आणि वर २२ टक्के उपकर लागेल. आणि हे अंतर गाडी रिकामी असताना मोजावे, असेही त्यात सांगितले. कौटुंबिक गाडी ही बव्हंशी रिकामीच असते, हे शासनाने इतक्या नेमकेपणाने ओळखल्याचे हे विरळा उदाहरण होय. पुढे हा पन्नास टक्क्यांचा भार कमी होऊन सरसकट ४० टक्क्यांवर आला आणि नवा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्या दिवशी घटस्थापना होती आणि आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्येने पितृपक्ष संपला होता, त्यामुळे जे कुटुंब कर उतरण्याची वाट पाहत थांबले होते आणि जे पक्ष पंधरवडा सरण्याची वाट पाहत थांबले होते, त्या दोघांना एकाच सकाळी शोरूमच्या दारात उभे राहता आले, आणि आपण नेमके कशासाठी थांबलो होतो हे परस्परांना सांगण्याची गरज उरली नाही.

विषयाला इतिहासही आहे. १९९४ साली सुमंत मूळगावकरांच्या नावावरून नाव घेतलेली टाटा सुमो आली, तेव्हा तिच्या मागच्या भागात समोरासमोर बाके होती, त्यांवर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांत अडकत आणि लग्नाच्या वऱ्हाडात तिच्यात किती माणसे बसली हे मोजण्याची पद्धत नव्हती, कारण मोजणाऱ्यालाही आतच बसायचे असे. त्या काळात कुटुंब गाडीपेक्षा मोठे होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, भारतीय कुटुंबाचा सरासरी आकार ४.४ माणसे इतका उतरला होता, आणि नेमक्या त्याच सुमारास, २०२१ या एकाच वर्षात, नवी सफारी, अल्काझार आणि एक्सयूव्ही ७०० अशा सहा-सात आसनांच्या गाड्या एकामागून एक बाजारात उतरल्या. माणसे कमी होत गेली आणि आसने वाढत गेली, ही विसंगती नसून कार्यकारणभाव आहे, असे प्रस्तुत विवेचनाचे म्हणणे आहे. मात्र त्याआधी संशय आणि पूर्वपक्ष यांना न्याय दिला पाहिजे.

संशयांपैकी पहिला इंधनाचा. डिझेल गाडीत डीपीएफ असतो, म्हणजे धुरातील काजळी अडवणारी गाळणी, आणि त्या गाळणीत साठलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून बराच वेळ सलग वेगाने चालावी लागते. त्यामुळे केवळ मंडई आणि क्लास एवढीच वाहतूक असलेल्या घरात, गाडीची प्रकृती सांभाळण्यासाठी कुटुंबाला वेळोवेळी द्रुतगती मार्गावर जाऊन यावे लागते, आणि हवापालट माणसांना आहे की गाळणीला, हे शेवटपर्यंत स्पष्ट होत नाही. पेट्रोल घ्यावे तर आता त्यात २० टक्के इथेनॉल असते, इथेनॉलचे उष्मांकमूल्य पेट्रोलपेक्षा कमी असल्याने अ‍ॅव्हरेज थोडे घटते, आणि या घटीविषयी शहरातील मुलगा तावातावाने बोलू लागला की सांगलीकडे ऊस असलेले वडील त्याला हळू बोलायला सांगतात, कारण इथेनॉल उसापासूनही होते आणि कारखान्याचे बिल अजून जमा व्हायचे असते. विजेवरची घ्यावी तर तिच्यावर जीएसटी अवघा ५ टक्के आहे, परंतु चार्जिंगची तार कोणाच्या मीटरवरून ओढायची हा विषय सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत न्यावा लागतो, आणि तेथे गेलेला विषय गाडीच्या आयुष्यात परत येतोच असे नाही.

दुसरा संशय जागेचा. सोसायटीतील पार्किंगची नेहमीची जागा अडीच मीटर रुंद असते आणि एक्सयूव्ही ७०० आरसे न धरता १८९० मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे ती अगदी मधोमध लावली तरी दोन्ही बाजूंना मिळून ६१ सेंटीमीटर मोकळी राहतात, त्यांतून दार उघडून बाहेर पडण्यासाठी जी शरीरयष्टी लागते ती अशी गाडी परवडण्याच्या वयात क्वचितच टिकलेली असते. यावर उपाय म्हणून कुटुंबातील इतरांना फाटकापाशीच उतरवले जाते, आणि एकट्या कर्त्या पुरुषाने श्वास रोखून बाहेर यावे असा प्रघात पडतो.

पूर्वपक्ष, म्हणजे खंडन करण्यासाठी आधी मांडलेली विरोधी बाजू, घरात बहुधा गृहिणीकडे किंवा सीए झालेल्या भाच्याकडे असते आणि ती पुढीलप्रमाणे आहे. एक्स-शोरूम २५ लाखांची डिझेल गाडी घेतली, तर त्या किमतीत सुमारे ७ लाख १४ हजार रुपये जीएसटीचेच असतात. महाराष्ट्रात वीस लाखांवरील डिझेल गाडीला, ती व्यक्तीच्या नावावर असल्यास, १५ टक्के एकरकमी मोटार वाहन कर लागतो, म्हणजे आणखी पावणेचार लाख, आणि हा कर जीएसटीसह किमतीवर असल्याने करावरही कर भरण्याचे पुण्य पदरी पडते. दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे पुढे आयकरात वळता होणारी रक्कम, घेतो, त्यावर विमा. यासाठी २० लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी काढले, तर महिना सुमारे ३२ हजारांचा हप्ता आणि एकूण सुमारे ७ लाखांचे व्याज होते. उलट सात माणसांनी मिळून पुण्याहून रत्नागिरीला जाणे वर्षातून दोनदा घडते, एक गणपतीला आणि एक मे महिन्यात. जाऊन येऊन सहाशे किलोमीटर आणि किलोमीटरला वीस रुपये भाडे धरले, तर एका खेपेचे बारा हजार होतात, म्हणजे दोन्ही खेपांचे भाडे एका महिन्याच्या हप्त्यातून भागून आठ हजार उरतात आणि उरलेले अकरा हप्ते शुद्ध बचत ठरतात. या युक्तिवादात गणिताची एकही चूक नाही, आणि म्हणूनच तो ऐकून घेतल्यावर घरात थोडा वेळ शांतता पसरते व नंतर कोणीतरी गाडीच्या रंगाचा विषय काढते.

सिद्धान्त समजून घेण्यासाठी मीमांसकांचे कर्मांचे वर्गीकरण उपयोगी पडते. रोज करावयाचे ते नित्य कर्म, विशिष्ट निमित्त घडल्यावर करावयाचे ते नैमित्तिक, आणि फळाची इच्छा असेल त्यानेच करावयाचे ते काम्य. मोठी गाडी घेण्याचे समर्थन घरात नेहमी नैमित्तिक म्हणून केले जाते, म्हणजे सगळे एकत्र जायचे झाले तर हवीच. तिचा खर्च नित्य आहे, कारण हप्ता दरमहा जातो. आणि प्रत्यक्षात ती निखळ काम्य आहे. येथील काम हा वेगाचा नाही, कारण चाकण चौकात सर्व गाड्यांचा वेग सारखाच असतो, आणि तो केवळ प्रतिष्ठेचाही नाही, कारण प्रतिष्ठेसाठी कमी आसनांची आणि अधिक महागडी साधने उपलब्ध आहेत. ही इच्छा सातव्या आसनाची आहे. चौघांच्या घराला पाच आसने पुरतात. सहावे आणि सातवे आसन अशा माणसांसाठी असते जी आता पुण्यात राहत नाहीत, म्हणजे गावी असलेले आईवडील, बोलणे थांबवलेला भाऊ, आणि ज्याला शिकायला बाहेर पाठवले तो आता सुट्टी मिळाली तरच येणारा मुलगा. विभक्त झालेल्या कुटुंबाने एकत्र कुटुंबाचे कर्ज काढून केलेले तर्पण, असे या खरेदीचे शास्त्रीय वर्णन करता येईल, आणि पूर्वपक्षाचे भाड्याचे गणित तिला लागू पडत नाही ते याचमुळे, कारण भाड्याच्या गाडीत आसन मिळते, पण ते कोणासाठी राखून ठेवता येत नाही.

या सिद्धान्तावर सर्वांत मोठा आक्षेप गाडीच्या रचनेतूनच येतो. तिसऱ्या ओळीत जाण्यासाठी मधले आसन दुमडून, वाकून, एक पाय आत टाकून अर्धवट वळावे लागते, आणि ज्यांच्या नावाने गाडी घेतली त्या आईवडिलांचे गुडघे ही क्रिया साठीतच सोडून देतात. त्यासाठी कंपन्यांनी मधल्या ओळीत दोन सुटी आसने, ज्यांना कॅप्टन सीट म्हणतात, ठेवून मधून वाट केली, तर त्याच क्षणी सातवे आसन नाहीसे होऊन गाडी सहा जणांची होते. तिसरी ओळ मागच्या चाकांच्या जवळपास असल्याने खड्ड्याचा धक्का तेथे अधिक बसतो, खिडकी लहान असल्याने बाहेरचे कमी दिसते, आणि डोळे स्थिर जग पाहत असताना कानातील तोल सांभाळणारा अवयव कुंभार्ली घाटाचे प्रत्येक वळण नोंदवत राहिल्याने मळमळ सुरू होते. म्हणून या ओळीचा खरा पुरवठा आवळासुपारी, आलेपाक आणि एक जाड पिशवी हा होय. सातही आसने उभी असताना एक्सयूव्ही ७०० च्या डिकीत २४० लिटर जागा उरते, म्हणजे कोकणात जाताना माणसे नेता येतात आणि येताना आंब्याच्या पेट्या, तांदूळ व कोकमे आणता येतात, परंतु दोन्ही एकाच दिशेने नेता येत नाहीत. सुरक्षिततेच्या भारत एनकॅप चाचणीत समोरच्या टकरीसाठी प्रौढांचे बाहुले पुढे आणि मुलांचे बाहुले मधल्या ओळीत बसवले जातात. तिसऱ्या ओळीत जाण्यास बाहुल्यांचीही संमती घेतलेली दिसत नाही.

येथे एक बाधक पुरावा विचारात घेतला पाहिजे. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी एक्सयूव्ही ७०० ची नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिल्या २५ हजार गाड्या ५७ मिनिटांत नोंदवल्या गेल्या, आणि ३० जुलै २०२२ रोजी स्कॉर्पिओ-एनची एक लाख नोंदणी अर्ध्या तासात झाली. जो समाज कांदे घेताना तीन गाड्यांवर भाव विचारतो, त्याने वीस लाखांचा निर्णय मिनिटांत घ्यावा, हे वरील सर्व चर्चेला छेद देणारे वाटते. परंतु नोंदणीची रक्कम २१ हजार होती आणि ती परत मिळणारी होती, हे लक्षात घेता नोंदणी हा निर्णय नसून निर्णय करण्याचा हक्क राखून ठेवणे होते. प्रतीक्षा काही प्रकारांसाठी वर्षाहून लांबली, आणि त्या काळात कुटुंबाने गाडीचा सर्वाधिक उपभोग घेतला, कारण न आलेल्या गाडीत सातही जण आरामात बसतात, कोणाला मळमळत नाही आणि मेव्हण्याला तिचा दोष दाखवता येत नाही.

राहिली संगती, म्हणजे या सर्वाचा व्यवहाराशी मेळ. गाडी घ्यावी की नाही याची कसोटी शोरूममध्ये नसून कॅलेंडरवर आहे: ज्या सात जणांसाठी ती घ्यावयाची त्या सातही जणांना फोन करून, येत्या तीन महिन्यांतील एक शनिवार-रविवार सर्वांच्या सोयीचा निघतो का, हे आधी पाहावे. निघाला, तर हे कर्म करण्याचा अधिकार त्या कुटुंबाला आहे, त्याने रंग ठरवावा आणि साडेतीन मुहूर्तांपैकी जो जवळ असेल तो धरावा. न निघाला, तर पाच आसनांची गाडी पुरे. मात्र अनुभव असा सांगतो की तारीख ठरवण्यासाठी सुरू झालेल्या फोनांवरून, गेल्या वेळी कोण आले नव्हते आणि का आले नव्हते, असा जुना वाद उघडतो, त्यात भाऊ दोन वर्षांनी प्रथमच बोलू लागतो, आई मध्यस्थी करते, मुलगा परदेशातून अवेळी फोन उचलतो, आणि रात्री बारापर्यंत सातही जण एकाच फोनवर भांडत बसतात. असे झाल्यास काम्य कर्माचे फळ कर्म न करताच मिळाले, असे समजावे आणि २१ हजार परत मागून घ्यावेत.