मेजर राज्यशास्त्र, मायनर देवास

माळव्यातल्या मराठी घरात मुलीने राज्यशास्त्रात बी.ए. करायचं म्हटलं, की सल्ले दोनच मिळतात. प्रेमळ माणसं म्हणतात, मग दिल्लीला जा. व्यवहारी माणसं म्हणतात, बी.ए. कुठूनही कर, पण आधी इंदूरला भंवरकुव्यात पीएससीचा क्लास लाव. राज्यशास्त्र ही गावाबाहेर मिळणारी वस्तू आहे, याबद्दल दोघांचंही एकमत असतं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. पदवीचा बेत आखायचाच असेल तर धार आणि देवास आधी वाचावं, आणि प्लेटोला थोडा वेळ ओसरीवर बसवावं. त्याला कुठे घाई आहे?

पहिल्या वर्षाला सार्वभौमत्व असतं. झाँ बोदँ या फ्रेंच पंडिताने १५७६ साली लिहून ठेवलं की सार्वभौम सत्तेचे तुकडे पडत नाहीत. बोदँ देवासला आला नव्हता, हे उघड आहे. बाजीरावाच्या काळात माळवा मराठ्यांकडे आला, तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या वाट्याला देवास आलं, आणि एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राजघराणी नांदू लागली. आधी कारभार सामाईक होता. १८४१ नंतर रीतसर वाटणी झाली, तरी जमिनी एकमेकींत अशा गुंतलेल्या राहिल्या की नकाशा काढणाऱ्याने राजीनामाच द्यावा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची नोंद आहे की गावच्या मुख्य रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे अंमल होते, आणि पाण्याची व दिव्यांची सोयसुद्धा दोन्हीकडे वेगवेगळी होती. म्हणजे समोरच्या दुकानातून विडा आणायला निघालेला माणूस परराज्यात जाऊन यायचा, तेही चप्पल न घालता. टेकडीवर देवीसुद्धा दोन, थोरली तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा. इंग्रजांनी दोन्ही महाराजांना पंधरा-पंधरा तोफांची सलामी ठरवून दिली. निदान तेवढ्यावरून तरी भांडण नको, असा त्यांचा हिशेब असावा.

आता विद्यार्थिनीने त्या रस्त्याच्या मधोमध उभं राहावं (रहदारी सांभाळून) आणि एकच प्रश्न विचारावा: थोरल्या पातीच्या दिव्याचा उजेड धाकट्या पातीच्या गटारावर पडला, तर तंटा सोडवणार कोण? उत्तर शोधत गेलं की माणूस देवासच्या कुठल्याच राजवाड्यात थांबत नाही, सरळ इंदूरला गव्हर्नर जनरलच्या एजंटाच्या बंगल्यावर पोचतो. मग लक्षात येतं की बोदँ बरोबरच होता. सत्तेचे तुकडे पडलेच नव्हते, फक्त ती देवासला राहत नव्हती. तोफा तेवढ्या वाटल्या होत्या. थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांना हे पुरतं कळलं असावं. तिजोरी रिकामी झाली आणि इंग्रज हिशेब मागायला लागले, तेव्हा त्यांनी १९३३च्या अखेरीस फ्रेंचांची पाँडिचेरी गाठली आणि १९३७ साली तिथेच देह ठेवला. कोणाची हद्द कुठे संपते, यावर इतका चोख प्रात्यक्षिक धडा कुठल्याही क्रमिक पुस्तकात नाही.

धारकडे दुसरं प्रकरण आहे, ते राज्य करण्याच्या अधिकाराचं. मॅक्स वेबरने या अधिकाराचे तीन पाये सांगितले: परंपरा, व्यक्तीचा प्रभाव आणि कायदा. धारच्या पवारांनी तिन्ही वापरून पाहिले. ते स्वतःला परमारांचे वंशज म्हणवतात. परमारांचा भोज राजा अकराव्या शतकातला आणि मराठे आले अठराव्यात. मधली सातशे वर्षं ओलांडून हे जणू माहेरी परतल्यासारखे आले. प्रभावाचं उदाहरण मैनाबाई. दुसरे आनंदराव गेल्यावर शिंदे-होळकरांच्या धामधुमीत या बाईंनी राज्य तगवलं, त्यामुळे ‘स्त्रिया आणि राजकारण’ या पेपराची सोय घरातच झाली. कायद्याच्या नावाने १८१९चा इंग्रजांशी झालेला तह. तो किती टिकाऊ होता, हे १८५७ साली दिसलं. राजा अल्पवयीन, शिबंदीने बंड केलं, आणि इंग्रजांनी अख्खं राज्य जप्त केलं. १८६० साली बैरसिया परगणा तेवढा ठेवून घेऊन बाकीचं परत दिलं. जो घेऊ शकतो आणि वर परतही देऊ शकतो, तो कोण, यावर वीस गुणांचं उत्तर आरामात लिहिता येईल.

कोणी म्हणेल, हा सगळा इतिहास झाला, संस्थानं तर १९४८ सालीच मध्य भारतात विरघळली. कबूल. पण धार जिल्ह्यातल्या निसरपूरला विचारा. सरदार सरोवराची भिंत गुजरातेत, पाण्याची वाटणी ठरवणारा लवादाचा निवाडा १९७९चा, त्यात चार राज्यांचे वाटे, आणि बुडालं ते निसरपूर. संघराज्यावरचं व्याख्यान असं गुडघाभर पाण्यात उभं राहून ऐकायला मिळत असताना दिल्लीच्या वातानुकूलित वर्गात काय ठेवलंय? हिंदू आणि मुसलमान दोघेही जिच्यावर हक्क सांगतात त्या धारच्या भोजशाळेचंही तसंच. २००३ साली पुरातत्त्व खात्याने तिथे मंगळवारी पूजा आणि शुक्रवारी दुपारी नमाज अशी वाटणी केली. देवासने रस्ता वाटला होता, इथे वार वाटले. २०१३ आणि २०१६ साली वसंत पंचमी नेमकी शुक्रवारी आली, आणि जिल्हा प्रशासनाला पंचांग व घड्याळ दोन्ही समोर घेऊन बसावं लागलं. शासनव्यवहार म्हणतात तो हाच. पुस्तकात तो ‘लोकप्रशासन’ या नावाने येतो आणि लगेच झोप आणतो.

यावर आणखी एक आक्षेप येतो की अशाने मूल कूपमंडूक होईल. त्यावर ई. एम. फॉर्स्टरचं नाव पुरेसं आहे. केंब्रिजमध्ये शिकलेला हा लेखक १९२१ साली त्याच तुकोजीरावांचा खासगी सचिव म्हणून देवासला राहिला, आणि १९५३ साली देवीच्या टेकडीचं नाव देऊन त्याने त्यावर पुस्तक काढलं. त्याला देवास पुरलं, आपल्या मुलींना पुरत नाही.

उरला नोकरीचा प्रश्न, आणि तो खरा आहे. नुसत्या बी.ए.वर कोणी खुर्ची पुढे करत नाही. पण पीएससीच्या मुलाखतीत उमेदवाराला त्याच्या जिल्ह्याबद्दल विचारतात, आणि भंवरकुव्यातल्या झेरॉक्स नोट्समध्ये धाकटी पाती सापडेलच याची खात्री नाही. मध्य प्रदेशात २०२१पासून मेजर-मायनरची पद्धत आली आहे. मेजर राज्यशास्त्र घ्यावं, मायनर इतिहास, आणि सुट्टीत मोडी शिकावी. जुनी दप्तरं त्या लिपीत आहेत, भाषा तर घरचीच आहे. दिल्लीहून येणाऱ्या संशोधकाला ती आधी शिकावी लागते, आपल्याला नुसती वळणं गिरवायची आहेत.

प्रवेशाचा फॉर्म भरताना मात्र एक गोष्ट नीट पाहावी. देवासचं कृष्णाजीराव पवार महाविद्यालय उज्जैनच्या विद्यापीठाचं, धारचं महाराजा भोज महाविद्यालय इंदूरच्या विद्यापीठाचं. दोन गावं, दोन विद्यापीठं, दोन वेळापत्रकं. त्यामुळे निकाल लांबला तर अर्ज कोणाकडे करायचा, हे पहिल्या वर्षाच्या अभ्यासातूनच शोधून काढावं लागेल.