परकोट कोनासाठी?

“काय वो काकू, सकायपासून दिसल्या नाई?”

“अमरावतीले गेलती वं. सराफ्यात डोरलं दुरुस्तीले टाकलं होतं. पन जवाहर गेटात ऑटो हालेच ना! इकून हातगाडी, तिकून फटफटी, मंधात सांड उभा.”

“मंग गेट तं पाहून झालं अशीन निवांत!”

“त्या गर्दीत गेट कोन पायते? लहानपनी पायलं तेवढं. माहं माहेरबी इथंच नांदगावात. नवरात्रात बाप आमाले बैलगाडीत घालून अंबादेवीले ने. नागपुरी गेट दिसलं का म्हने, पोट्टेहो, गुमान बसा. राती हे दार लावतेत, बाहीर राह्यला तो पेंढाऱ्याइच्या हाती लागला! मले असं भेव वाटे का देवीपुढं दुसरं काई मागोच नाई. दार लावाच्या आंधी घरी जाऊ दे, बस.”

“पन पेंढारी तं कवाचेच गेलते ना?”

“गेलते तं! पोट्टा शिकला तवा समजलं मले. वऱ्हाड निजामाकडं होतं, पेंढारी लुटत फिरत, अन् अमरावतीत पैशेवाले सावकार. त्याइले वाचवाले निजाम सरकारनं 1807 साली परकोटाचं काम काढलं. सव्वादोन मैल घेर अन् 20 ते 26 फूट उंच भिंत. पाच दरवाजे, चार खिडक्या.”

“खिडक्या? हवा घ्याले?”

“हट वं! खिडकी म्हनजे लहान दार. खुनारी खिडकी त्यातलीच. तिथं मारामारीत सातशे मानूस मेलं म्हनतेत. आजी त्या बाजूनं जातानी पदर तोंडावर घे अन् आमाले वढत ने.”

“बाप्पा! मंग आपल्या नांदगावले कोन वाचवे?”

“कोनी नाई! तेच तं म्हनतो मी. कापूस पिकवाले खेड्यातले, अन् भिंत कोनाले? सावकाराले.”

“आता निजामावर चिडून काय होते काकू!”

“चिडू नाई तं काय करू? बरं, येवढी बांधली तं धड ठेवा ना बाप्पा. लोकाइनं घरं टेकवले तिले. कुठं खुट्या ठोकल्या, कुठं टीन टाकले. काई जाग्यावर भिंत कोनती अन् घर कोनतं, समजतच नाई. पेंढारी आले असते तं तेबी बुचकाळ्यात पडले असते!”

“मले दाखवा ना वो ते खुनारी खिडकी. इतके वर्स झाले लग्नाले, सिनेमा अन् कापडाच्या दुकानाबिगर काईच पायलं नाई अमरावतीत.”

“चाल मंगयवारी. पन तुह्या सासूले अंबादेवीले जातो म्हनून सांगजो. खुनारीचं नाव घेतलं तं त्या कुपाटीवरून माह्याशी बोलाच्या नाई.”

“अन् त्याबी येतो म्हनल्या तं?”

“मंग खरंच अंबादेवीले जा लागन, दुसरं काय!”