मुकुंदवाडीचे कोरियनभाऊ

गल्लीत त्यांना कोरियनभाऊच म्हणतात. वय पंचविशीच्या आत, शिक्षण आयटीआय, नोकरी चिकलठाणा एमआयडीसीत आणि डोळा शेंद्र्यावर. तिथं ऑरिक या औद्योगिक नगरीत ह्योसंग ही कोरियन कंपनी स्पॅन्डेक्सचा धागा काढते. दुभाष्याला कसा मान असतो याच्या कथा पानटपरीवर ऐकून भाऊंनी भाषा धरली. असे भाऊ आता बऱ्याच गल्ल्यांत निघालेत. बहिणी तर त्यांच्याही आधी; पण त्यांचं कारण बीटीएस, धागा नव्हे.

लिपी आठवड्यात उरकली. श्रेय भाऊ स्वतः घेतात, खरं ते राजा सेजोंगचं. त्यानं 1446 साली ती लोकांपुढे ठेवली तीच मुळी साध्या माणसाला पटकन यावी म्हणून. क्रियापदही मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. गाडी अडली ती शब्दांवर. मग घरभर चिठ्ठ्या लागल्या.

"कामून रे, मिठाच्या डब्यावर कोंबडीचे पाय काढून ठेवले?"

"मम्मी, ते सोगुम आहे."

"असू दे. भाजीत टाकू का नको, तेवढं सांग."

भाऊंचा खरा साठा मात्र मालिकांतला, त्यातही राजेरजवाड्यांच्या. त्यामुळे सिंहासन, राजद्रोह, विषप्रयोग हे सगळं तोंडपाठ. पाना, सुट्टे पैसे, पुढच्या चौकात डावीकडे, यांचा पत्ता नाही. प्रेमकथांतून उचललेलं तेवढं निव्वळ अरे-तुरे. कोरियनमध्ये समोरच्याचं वय आणि हुद्दा बघून क्रियापदाचं शेपूट बदलावं लागतं. साहेबाला प्रेयसीचं शेपूट लावलं की संपलंच.

आकड्यांचे तर दोन संच. घड्याळातले तास देशी आकड्यांत, मिनिटं चिनी वळणाच्या. जालना रोडवर कंपनीच्या बसची वाट बघताना कुणी "भाऊ, किती वाजले?" म्हटलं की सराव सुरू. "इल्गोप शी..." म्हणजे सात. मग डोळे मिटून, बोटं मोडत, "साम... शिप... ओ बुन." सात पस्तीस! तोवर अडतीस झालेले असतात आणि विचारणारा दुसऱ्या कुणाला विचारून बसमध्ये चढलेला असतो.

तरी भाऊ तोपिकची, म्हणजे कोरियन भाषेच्या चाचणीची, पहिली परीक्षा पास झाले. तिच्यात ऐकायचं आणि वाचायचं, बोलायचं काहीच नाही. (आमच्या वेळी इंग्रजीला ही सोय असती तर!) पेढे वाटले, व्हॉट्सॲपवर कोरियन नाव लावलं. उरला होता फक्त कोरियन माणूस.

तोही भेटला. संध्याकाळी, भाजीच्या गाड्यावर, कांदे निवडताना. भाऊ इतक्या घाईनं पुढे सरसावले की साहेबांच्या पिशवीला धक्का लागून कांदे रस्त्यावर. साधं 'माफ करा' म्हणायचं होतं. पण ऐनवेळी तोंडातून आलं ते दरबारातलं, राजापुढे लोटांगण घालून म्हणायचं वाक्य: मरणाच्या लायकीचा अपराध घडला, महाराज!

साहेबांनी भाऊंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोई बात नहीं, भैया," ते म्हणाले. मग खाली वाकून कांदे गोळा केले, गाडेवाल्या मावशींशी भावावरून हुज्जत घातली, पाच रुपये कमी करून घेतले आणि वर मूठभर हिरव्या मिरच्या फुकट टाकायला लावल्या.