पुष्कराज कोणत्या बोटात?

भूशास्त्रात बीएस्सी झालेल्या पोराला लग्नाच्या पंगतीत हमखास विचारतात, "मग पुष्कराज कोणत्या बोटात घालू?" पुढचा प्रश्न नोकरीचा. तो विचारताना आवाज आपोआप खाली येतो.

महाराष्ट्राची सुमारे 80 टक्के जमीन दख्खनच्या बेसाल्टवर बसली आहे. या कातळात पाणी सरसकट नसतं. खडक कुजून मुरूम झाला तिथे, भेगांत, लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात ते सापडतं. ही जागा हेरणं हे खरं तर भूशास्त्राचं काम. करतो मात्र पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा धरून वावरभर फिरायचं, उभा राहिला की तिथे खूण. दक्षिणा घेऊन तो घरी जातो. मग बोअरची गाडी येते, 300 फूट खाली जाते आणि नुसता फुफाटा निघतो. तरी पुढच्या बोअरला पुन्हा त्यालाच बोलावणं! का नाही? तो बांधावर येतो आणि ठामपणे बोट दाखवतो. आमचा पदवीधर 'संभाव्यता मध्यम' असा इंग्रजी अहवाल देतो, तोही टेबलावरून न उठता.

कॉलेजात याने काय केलं? ट्रेमधले दगड ओळखले, तेही चिकटवलेल्या नंबरावरून. बोगद्याच्या, मेट्रोच्या साइटवर पेटीत कोअर, म्हणजे ड्रिलने काढलेला खडकाचा दांडा, मांडलेला असतो. त्यातले 10 सेंटीमीटरहून लांब तुकडे मोजायचे, एकूण लांबीशी त्यांचं प्रमाण काढायचं आणि खडक किती धड आहे ते सांगायचं. इथे नंबर चिकटवलेला नसतो. नकाशासाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण फुकटचं शिकायला आधी क्लास शोधला जातो.

बाकीचे यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेला डोळे लावून. तिला एमएस्सी लागते, हे काहींना बीएस्सीच्या निकालानंतर कळतं. मॉइल आणि वेस्टर्न कोलफिल्ड्स या खाणकंपन्यांची मुख्यालयं नागपुरात आहेत, हेही पुण्यातल्या पोराला गूगल सांगतं.

आणि सरकार? माळीण 2014, तळिये 2021, इर्शाळवाडी 2023. तेराव्याला भटजी आठवावा, तसा दरड कोसळल्यावर भूशास्त्रज्ञ आठवतो. डोंगराखालच्या गावात स्वागत-कमानीला पैसे निघतात. वरचा उतार पावसाआधी कुणाला तरी दाखवू या म्हटलं, की साहेब म्हणतात, "प्रस्ताव पाठवा, पावसाळ्यानंतर बघू."