दस्तुरीचे जमीनदार

माथेरान या गावाची सारी कीर्ती एका नकारावर उभी आहे. येथे मोटार चालत नाही. रुग्णवाहिकेसारखे मोजके अपवाद आणि अलीकडे न्यायालयाच्या अनुज्ञेने अवतरलेल्या ई-रिक्षा सोडल्या, तर कोणत्याही यांत्रिक वाहनास दस्तुरी नाक्याच्या आत मज्जाव आहे. आणि आशिया खंडात असे दुसरे गिरिस्थान नाही, हे बिरूद गावाच्या पाट्यांपासून हॉटेलांच्या जाहिरातींपर्यंत सर्वत्र अभिमानाने मिरविले जाते. या निर्मोटार शांततेची महती कानी गेलेला मुंबईचा, ठाण्याचा अथवा पुण्याचा सद्गृहस्थ शनिवारी भल्या पहाटे उठतो, पेंगुळलेल्या मुलांना मागच्या आसनावर आडवे करतो, आणि मोटारींच्या कोलाहलापासून दोन दिवस मुक्त व्हावे या सात्त्विक हेतूने मोटारीत बसतो. त्याच पहाटे त्याच हेतूने निघालेले त्याचे शेकडो समविचारी बंधू त्याला नेरळच्या घाटात भेटतात. तेथून पुढे सर्वांची शांततेकडे वाटचाल सुरू होते, ती पहिल्या गिअरमध्ये, जळक्या क्लचच्या दर्पात आणि हॉर्नच्या अखंड गजरात.

१८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट चौक गावी मुक्कामास असता समोरच्या डोंगराकडे कुतूहलाने वळले आणि गावच्या पाटलाला सोबत घेऊन माथ्यावर पोहोचले, तेव्हा माथेरानचा शोध लागला, असे इतिहास सांगतो. (डोंगरात पिढ्यानपिढ्या वावरणाऱ्या ठाकर, कातकरी व धनगर मंडळींना आपण हरवलो असल्याची तोवर वार्ताही नव्हती.) मॅलेटसाहेब पायी चढले हे आपणा सर्वांचे भाग्य, मोटारीने आले असते तर डोंगर सापडूनही जागा सापडली नसती, आणि साहेब आल्या पावली चौकला परतले असते. पुढे १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय घराण्याच्या द्रव्यबळावर आणि चिकाटीवर दोन फुटी रुळांची आगगाडी नेरळहून वर आली. तिच्या नागमोडी वळणांचे आणि चिमुकल्या डब्यांचे कौतुक पुष्कळ झाले, परंतु तिचा खरा गुण कोणी वाखाणला नाही. ती पाहुण्याला पोहोचवते आणि निघून जाते. पाहुणा दोन दिवस राहो की सबंध मे महिना, त्याच्यासोबत मुक्काम ठोकण्याचा आग्रह तिने कधी धरला नाही. मोटारीचे तसे नाही. मोटार ही पाहुण्याबरोबर येणारी दुसरी पाहुणी होय. ती जेवत नाही, पॉइंट पाहत नाही, चिक्कीही विकत घेत नाही, पण जागा मात्र सबंध कुटुंबापेक्षा अधिक व्यापते.

किती व्यापते, याचाही हिशेब आहे. नगररचनेच्या कोष्टकांत एका मोटारीस सामान्यतः अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात, आणि ती वळविण्यास, आत घालण्यास व बाहेर काढण्यास लागणारी जागा निराळी. गिरगावातील चाळीत इतक्या जागेवर एक पिढी जन्मली, शिकली आणि तिची लग्नेही ठरली. डोनाल्ड शूप नामक अमेरिकन प्राध्यापकाने २००५ मध्ये याच विषयावर एक जाडजूड ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की, मोटार आपल्या आयुष्यातील सुमारे पंचाण्णव टक्के काळ उभीच असते. प्राध्यापकमहाशयांनी दस्तुरी नाका पाहिला असता तर उरलेल्या पाच टक्क्यांविषयीही त्यांना पुनर्विचार करावा लागला असता, कारण सुटीच्या दिवशी येथे मोटार चालते तेव्हाही ती उभीच असते.

दस्तुरीच्या या मैदानावर, जेथे डांबरी रस्ता संपतो आणि तांबडी माती सुरू होते, तेथे सकाळी नऊच्या सुमारास जे नाट्य चालते त्याला महसूल खात्याच्या परिभाषेवाचून न्याय देता येणार नाही. गळ्यात शिट्टी, बगलेत पावतीपुस्तक आणि टोपीवर लाल धुळीचा थर अशा अवतारातील एक इसम तेथील जमाबंदी करीत असतो. हुद्द्याने तो रोजंदारीवरचा असेल, पण साडेबारा चौरस मीटर भूमीचे दान करण्याचे त्याचे सामर्थ्य पाहता पेशव्यांच्या फडणिसालाही त्याचा हेवा वाटावा. तो बोनेटवर तळहात आपटीत मागे मागे सरकतो. "येऊ द्या शेठ, येऊ द्या, अजून येऊ द्या, डावीकडं मारा, डावीकडं म्हणतो ना, बास!" हे 'बास' नेहमी मागच्या झाडाला मोटार टेकल्यानंतर उच्चारले जाते. मग तो पायानेच एक धोंडा लोटीत आणून मागच्या चाकाला अडकवतो, हँडब्रेक ओढल्याची जबानी घेतो आणि पावती फाडतो. जो गृहस्थ खोलीचे भाडे हजारांत मोजताना कुरकुरला नाही, तो ही पावती उलटसुलट वाचतो, चष्मा कपाळावर सारतो आणि विचारतो, "अहो दादा, एवढ्यात गाडीवर लक्ष ठेवणार ना?" दादा मान डोलावतात. ती मान होकारार्थी डोलली की वाऱ्याने, याचा निर्णय परतताना होतो. कारण दादांची पाठ फिरताच माकडांची एक तुकडी टपावर आरूढ होऊन वायपरचे रबर शास्त्रशुद्ध पद्धतीने सोलू लागते.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची विद्या महाराष्ट्रास नवी नाही. परंतु साडेबारा चौरस मीटरला रुमाल पुरत नाही, म्हणून येथे आजोबा वापरतात. मोटार अद्याप चार वळणे खाली अडकली असता चपळ चिरंजीव आजोबांना घेऊन पायी वर येतात, दोन मोटारींमधील फटीत त्यांना उभे करतात आणि "कोणी आलं तर हलू नका" असे बजावून परत खाली धावतात. पंचाहत्तरी ओलांडलेला तो वृद्ध, ज्याने आयुष्यात एक गुंठाही जमीन केली नाही, तो हातातील काठी आडवी धरून भूमीचे रक्षण करीत असतो. एवढ्यात दुसरी मोटार येते. तीतील बाई नम्रतेने म्हणतात, "काका, जरा बाजूला होता का?" काका म्हणतात, "आमची गाडी येतेय." बाई म्हणतात, "पण आमची आलीय." या वादात तत्त्वज्ञानाची जी खोली आहे तिचा थांग अद्याप कोणत्याही न्यायासनास लागलेला नाही. कसेल त्याची जमीन, हे तत्त्व या राज्याने कूळकायद्याने मान्य केले. उभी करील त्याची जमीन की उभा राहील त्याची, हा प्रश्न मात्र अनिर्णित असून प्रत्येक शनिवारी त्याची सुनावणी नव्याने, चढ्या आवाजात व विनावकील होते.

जागा मिळाली म्हणजे समाधान होते, असे मानणे मनुष्यस्वभावाविषयीचे अज्ञान होय. जागा मिळताच ती सावलीत का नाही, हा प्रश्न उद्भवतो. वस्तुतः माथेरान व भोवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटरचा प्रदेश २००३ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला तो या झाडांसाठीच, आणि आपला सद्गृहस्थही घरून निघाला तो या झाडांसाठीच. परंतु घाटात दोन तास उन्हात तिष्ठल्यावर त्याच्या विचारांत क्रांती होते, आणि तो पावतीवाल्याला, घोडेवाल्याला, झाडावरच्या माकडाला उद्देशून म्हणतो की, एवढे मोठे जंगल नुसते पडून आहे, त्यातले थोडे सपाट केले तर सगळ्यांची सोय होईल. अशा रीतीने सपाट केलेल्या जागेत त्याला झाडाखालची जागा हवी असते. यातील विसंगती दाखवून देणारास तो "विकासाला आडवे येणारे लोक" या सदरात घालतो आणि पाण्याची बाटली तोंडाला लावतो.

नाक्यापासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर आहे. चालणारास ही रपेट सुखाची. पण मोटार दोनशे पावले लांब लावावी लागली म्हणून सकाळभर हळहळणारा मनुष्य हे अंतर चालेल, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. त्याच्यासाठी घोडे आहेत, जवळच अमन लॉज स्थानकातून सुटणारी लहान गाडी आहे, आणि पिढ्यानपिढ्या हातरिक्षाही होत्या, ज्यांत एक मनुष्य बसे व इतर मनुष्ये ती ओढीत आणि ढकलीत. येथे विनोद थोडा बाजूस ठेवावा लागतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, तोवर स्वातंत्र्य मिळून अठ्ठ्याहत्तर वर्षे झाली होती. मोटारीला मज्जाव करण्यात ज्या गावाने एवढा कडकपणा दाखविला, तेथे माणसाला जुंपण्याबाबत आपण प्रवाशांनी एवढी दीर्घ उदारता दाखविली, हे नमूद केल्याशिवाय पुढे जाणे प्रशस्त वाटत नाही. मोटार सावलीत लागावी म्हणून तासभर हुज्जत घालणारे हात, ओढणाऱ्याशी पन्नास रुपयांची घासाघीस करतानाही थकत नसत.

रविवारी सायंकाळी या नाट्याचा तिसरा अंक असतो. आत शिरताना जी दाटी केवळ गैरसोयीची वाटली, ती बाहेर निघताना शास्त्रशुद्ध चक्रव्यूह ठरते. आपली मोटार मिळते, किल्ली मिळते, टपावरचे माकडही सामोपचाराने उतरते. फक्त पुढे एक पांढरी गाडी आडवी उभी असते. तिचा नंबर पुकारला जातो. कोणी सांगतो, मालक लुइझा पॉइंटकडे दिसले होते; कोणी सांगतो, नव्हे, शार्लट तलावाशी मक्याचे कणीस खात होते. मग पाचसहा अपरिचित पुरुष, ज्यांनी सकाळी परस्परांच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेला असतो, त्या गाडीच्या बोनेटला एकदिलाने हात लावून "एक, दोन, तीन" म्हणतात. गाडी हलत नाही, कारण सकाळी तिच्या मालकाने हँडब्रेकबाबत दिलेली जबानी अक्षरशः खरी असते. दोन दिवसांत खऱ्या सार्वजनिक ऐक्याचे दर्शन घडते ते एवढेच, आणि तेही तो मालक हातात चिक्कीचे पुडे घेऊन हसतमुखाने अवतीर्ण होईपर्यंत टिकते.

हा सारा कज्जा कायमचा मिटावा म्हणून प्रस्तुत लेखकाने एक तजवीज योजिली आहे. दस्तुरीच्या मैदानातील प्रत्येक साडेबारा चौरस मीटर तुकड्याचा स्वतंत्र सातबारा काढावा. भोगवटादार म्हणून शनिवारी प्रथम पोहोचलेल्या मोटारीचे नाव लावावे, 'इतर हक्क' या रकान्यात माकडांची वहिवाट नोंदवावी, झाडाच्या बुंध्याखालील क्षेत्र पोटखराब्यात दाखवावे, आणि पीकपाहणीत खरीप व रब्बी या दोन्ही हंगामांत 'पांढरी एसयूव्ही, एक' अशी नोंद करून जिरायत की बागायत हे सावली पाहून ठरवावे. आजोबांचे नाव वारस म्हणून न लावता संरक्षित कूळ म्हणून लावावे, कारण जमीन प्रत्यक्ष त्यांनी राखली आहे. भोगवटादार रविवारी न निघाल्यास तलाठ्याने सोमवारी मोजणी करून आडव्या गाडीचा पोटहिस्सा पाडावा, आणि धोंडा ज्याच्या चाकाला लावला असेल त्याच्याच हद्दीत गणावा, म्हणजे निदान हद्दीच्या खुणेवरून तरी तंटा होणार नाही. फेरफाराची रीतसर नोटीस नाक्यावर लावण्यात येईल. हरकतदारांनी पंधरा दिवसांच्या आत दस्तुरी येथे समक्ष हजर राहून लेखी म्हणणे सादर करावे. मात्र येताना गाडी नेरळला लावून यावे, तेथे जागा मिळाल्यास.