चारचौघांस, डाव्या हाताने

श्री. रा. रा. चारचौघे यांस,
मु. पो. सगळीकडे.

साष्टांग नमस्कार विनंती विशेष. नमस्काराला दोन्ही हात लागतात, त्यामुळे मायन्यापुरती तरी माझ्याकडून आगळीक झालेली नाही. पुढचं पत्र मात्र डाव्या हाताने लिहिलं आहे. मधेमधे शाई पसरलेली दिसेल. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते आणि माझा तळहात तिच्या मागोमाग, ओल्या अक्षरांवरून. त्याला इलाज नाही.

पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात आमच्या नातवाचं पाटीपूजन झालं. वय वर्षे तीन. पेन्सिल त्याच्या उजव्या हातात दिली, ती त्याने शांतपणे डाव्यात घेतली आणि 'श्री' काढायच्या ऐवजी एक म्हैस काढली. म्हशीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. विहीणबाई मात्र हळूच म्हणाल्या, ''सवय आत्ताच मोडा हो. उद्या चारचौघांत कसं दिसेल?''

तुमचं नाव ऐकून गहिवरून आलं. पन्नास वर्षं झाली, तरी तुम्ही आपले तिथेच!

माझ्या वेळी तुम्ही फारच अगत्याने लक्ष घातलं होतंत. शाळेत लाकडी पट्टी आडवी नाही, उभी धरून पेरांवर मारत; तिच्या धारेची चव निराळी. घरी पानावर बसलो की आजी माझा डावा हात मांडीखाली दाबून ठेवायला लावायची. देवळात तीर्थासाठी डावा तळवा पुढे गेला की गुरुजींची पळी जागीच थांबे. का, म्हणून विचारलं की सगळे गप्प. मग कुणीतरी आवाज उतरवून सांगे, ''तो हात वेगळ्या कामाचा.'' आता, ते काम मी कोणत्या हाताने करतो, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. सोवळ्याचा एवढा डोलारा ज्या माहितीवर उभा, ती गोळा करायचीच राहून गेली!

तक्रार नाही, पण तुमचं एक कोडं मला सुटत नाही. ताटात डावी बाजू तुम्हाला हवीच. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर यांतलं काही विसरलं तर वाढणारीच्या माहेरापर्यंत चौकशी जाते. जानवं डाव्या खांद्यावर असलं तर ते सव्य. उजव्यावर गेलं की अपसव्य, श्राद्धापक्षाचं काम. घरी गणपती आणायचा तो डाव्या सोंडेचा. उजव्या सोंडेचा कडक, त्याचं सगळं निगुतीने करावं लागतं, म्हणून त्याला देवळातच हात जोडायचे. रस्त्यावर वाहनं डावीकडून हाकायची. अर्जुन डाव्या हातानेही बाण सोडी, तर त्याला सव्यसाची ही पदवी. (त्याच्या गुरूंनी अंगठा मागितला तो एकलव्याचा, आणि तोही उजव्या हाताचा. त्याचं जे चुकलं होतं ते हातात नव्हतं.) म्हणजे ताटाला, देवाला, धनुर्धराला डावं चालतं. अडतं ते पोराच्या पेन्सिलीपाशी.

भाषासुद्धा तुम्ही आपल्याच बाजूला बसवून घेतलीत. कुणाला टाळलं की डावललं. पोरीचं लग्न झालं की ती उजवली. मी लग्नात आहेराचं पाकीट पुढे केलं की यजमानांची नजर आधी हातावर जाते, मग पाकिटाच्या जाडीवर. जाडी बरी असली तर हात विसरला जातो. तेवढा उदारपणा तुमच्यात आहे.

क्रिकेटमध्ये तर तो ओसंडून वाहतो. १९६४ साली मद्रासला बापू नाडकर्ण्यांनी इंग्लंडला लागोपाठ २१ षटकं निर्धाव टाकली, ती डाव्या हाताने. १९७१ मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंड, दोघांनाही त्यांच्या घरी हरवून आलेले अजित वाडेकर डावखुरे फलंदाज. तेव्हा तुम्ही मुंबईच्या रस्त्यांवर दुतर्फा उभे होतात. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करायचा आणि सही डाव्याने करतो. त्या सहीसाठी झुंबड उडते तेव्हा ''बाळा, त्या हाताने नको'' असं कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. थोडक्यात, आधी शतक काढावं, मग डावं असावं. क्रम चुकला की पट्टी.

तुमच्या बाजूने विद्वानही उभे राहिले, हे मान्य. इटलीच्या लोंब्रोसोने १९०३ मध्ये लिहून ठेवलं की गुन्हेगारांत डावखुऱ्यांचं प्रमाण जास्त. त्याच सुमारास अमेरिकेत जन्मलेल्यांत डावखुरे शंभरात तीन-चारच भरत. पन्नास वर्षांनंतर जन्मलेल्यांत ते दहाच्या वर गेले. आमची पैदास वाढली नव्हती. मास्तरांनी पट्टी खाली ठेवली होती. ''पूर्वी नव्हते बाई असले प्रकार, हल्लीच फार झालेत,'' हे तुमचं वाक्य मी ६ सप्टेंबर २०१८ नंतरही ऐकलं. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमाचा फास सैल करून संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले. लगेच तुम्ही मोजायला बसलात, एवढे आले कुठून? आले नाहीत हो. मांडीखाली हात दाबून इथेच बसले होते.

बरं, मोजायचंच तर तुम्हालाही मोजू. १९५० मध्ये अमेरिकी हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. विमानातली बैठक सरासरी माणसाच्या मापाने बांधली की सगळ्यांना बसेल, असा हिशेब होता. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापं निवडली आणि दहाही मापांत मधोमध बसणारे किती, ते पाहिलं. सरासरीच्या जरा इकडे-तिकडे असलेलेही त्याने चालवून घेतले. आकडा आला शून्य! हवाई दलाने माणसं कापली नाहीत; पुढेमागे सरकणारी आसनं बनवून घेतली.

तेव्हापासून मी जरा गोंधळात आहे. चार हजारांत तुमच्यातला एकही सापडला नाही. मग आमच्या स्वयंपाकघरात, शाळेत, लग्नाच्या पंगतीत तुम्ही चार जण नेमाने कसे हजर असता? विहीणबाईंना विचारलं, ''चारचौघं म्हणजे नक्की कोण हो?'' त्यांनी आधी आमच्या हिच्याकडे पाहिलं. हिने शेजारच्या काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, ''मला काही वाटत नाही बाई, पण लोक बोलतात.'' खाली जाऊन लोकांना विचारणार होतो, पण गुडघे दुखतात. म्हणून हे खुलं पत्र. ज्याला मिळेल त्याने स्वतःला चौघांतला समजून उत्तर धाडावं.

कळावे, लोभ आहेच, वाढवू नये.

आपला,
शंभरातला दहावा

ता. क. : म्हैस अजून पाटीवर आहे. पुसू देत नाही. तिचं तोंड उजवीकडे आहे. तेवढ्यावर भागेल का, ते कळवावं.